पाठातले कुटुंब आणि वस्तीतले घर

१

इतिहासाच्या पुस्तकातील एका ओळीवरून आपल्याकडे मोर्चे निघतात, विधानसभेत गदारोळ होतो, पुस्तके मागे घेतली जातात. लहान वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या 'माझे कुटुंब' या पाठावरून मात्र कोणी रस्त्यावर आल्याचे मला आठवत नाही. आई, बाबा, आजी, आजोबा, ताई, दादा. यात वादाचे ते काय असणार, असे सर्वांनाच वाटते. शिक्षकांना तर हा पाठ हलका वाटतो. चित्र दाखवायचे, नाती म्हणून घ्यायची, वहीत पाच ओळी लिहून घ्यायच्या, की पाठ संपला.

मी नाशिक शहरात आणि जिल्ह्यात तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिकचे वर्ग शिकवले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, मूल शाळेत जे पहिले समाजशास्त्र शिकते ते याच पाठात शिकते. आणि ते समाजशास्त्र निरुपद्रवी नाही. ज्या चित्रावरून मी वर्षानुवर्षे हा पाठ शिकवला ते वाचकांच्याही ओळखीचे असेल. अंगणात तुळस, खुर्चीत वर्तमानपत्र वाचणारे वडील, ओट्याशी उभी असलेली आई, चष्मा लावलेले आजोबा, गोष्ट सांगणारी आजी, तिच्यापुढे मांडी घालून बसलेली दोन गोरी मुले. खाली लिहिलेले असते, 'हे कुटुंब आहे'. 'हे एक कुटुंब आहे' असे लिहिलेले नसते. 'एक' हा शब्द गाळला की वर्णनाची व्याख्या होते. मग ज्या मुलाच्या घरी खुर्ची नाही, वडील पहाटे पाचला नाक्यावर उभे राहायला जातात, आई दुसऱ्याच्या ओट्याशी उभी असते, ते मूल व्याख्येच्या बाहेर पडते. त्याला कोणी बाहेर काढत नाही. ते स्वतःच स्वतःला बाहेर काढते आणि गप्प होते.

साहित्याच्या त्रैमासिकात पहिली-दुसरीच्या पाठाची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, दलित साहित्याने, त्यातही स्वकथनांनी, ज्या पाठाला सातत्याने उत्तर दिले तो हाच पाठ आहे. समीक्षकांनी या लेखनातील भूक पाहिली, विद्रोह पाहिला, भाषेचा रांगडेपणा पाहिला. पण 'माझे कुटुंब' हा निबंध शाळेत ज्यांना लिहिता आला नाही त्यांनी तो पुढे मोठेपणी पुस्तकभर लिहिला, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेली नाही.

२

या विचाराला सर्वांत जवळची कलाकृती नाशिकच्याच लेखकाची आहे. बाबूराव बागूल १९३० साली नाशिकरोडजवळच्या विहितगावी जन्मले. मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात वाढले आणि २००८ साली नाशिकलाच त्यांचा अंत झाला. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३ साली आला, तेव्हापासून मराठी कथेची रीत बदलली असे आपण मानतो. त्यांची 'आई' ही कथा मात्र शिक्षकांनी वेगळी काढून वाचावी अशी आहे, कारण ती वर्गात सुरू होते. गुरुजी आईवरची कविता शिकवीत आहेत. मायेचा सागर, त्यागाची मूर्ती, अशी ती आई. पांडू हा दलित मुलगा त्या शब्दांत रंगून गेला आहे, कवितेतली आई आणि घरातली आई त्याच्या मनात एक झाल्या आहेत. एवढ्यात वर्गातलीच मुले त्याच्या आईचे नाव मुकादमाशी जोडून त्याला हिणवतात.

पुढची कथा आपल्याला माहीत आहे. ती बाई बांधकामावर राबणारी, नवऱ्यामागे पोराला वाढवणारी. वस्ती तिच्याकडे संशयाने पाहते. मुलगाही तसाच पाहू लागतो आणि शेवटी आईपासून तुटून जातो. ही कथा वाचताना आपण मुकादमाला दोष देतो, वस्तीच्या जिभेला दोष देतो, आणि तो योग्यच आहे. पण बागुलांनी कथेचा आरंभ वर्गात का केला, याचाही विचार केला पाहिजे. कवितेतल्या आईला शरीर नाही. तिला भूक लागत नाही, तिला मजुरी मागावी लागत नाही, तिच्यावर कोणाची नजर नाही. अशी आई हीच खरी आई, असे एकदा मुलाच्या मनावर ठसले की राबणारी, दमणारी, कोणाच्या तरी मेहरबानीवर काम टिकवणारी आई त्याला खोटी वाटू लागते. गुरुजींच्या मनात दुष्टावा नाही. त्यांनी पाठ चांगला शिकवला, मनापासून शिकवला. आणि म्हणूनच तो एवढा खोल लागला. आईचे स्तोत्र शिकवणारी शाळा आईच्या कामाबद्दल एक अक्षर बोलत नाही, हे बागुलांनी एका प्रसंगात दाखवून दिले. मराठीत बालशिक्षणावर जी टीका झाली आहे तीत मी या कथेला वरचे स्थान देते.

३

बागुलांनी एका कथेत जे दाखवले ते पुढच्या स्वकथनांतून घराघराच्या तपशिलाने आले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यातले धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना या दोन टोकांमध्ये त्यांचे बालपण गेले. बाप गोदीत कामाला. घर कधी गावी, कधी मुंबईत. 'तुझे घर कोठे आहे' या प्रश्नाला अशा मुलाने एका ओळीत काय उत्तर द्यावे? १९७९ च्या 'आठवणींचे पक्षी'मध्ये प्र. ई. सोनकांबळे यांचे आईवडील लहानपणीच गेले आहेत आणि ते बहिणीच्या आसऱ्याला राहून शिकत आहेत. १९८० च्या 'उपरा'मध्ये लक्ष्मण माने यांचे कैकाडी कुटुंब गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते. त्या घराला पत्ता नाही, आणि तरीही बाप पोराला शाळेत घालायचा हट्ट सोडत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ च्या 'अक्करमाशी'त तर शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लावायचे हाच तंटा होतो. त्या घरात मसामाय आहे, संतामाय आहे, संतामायबरोबर राहणारा महमूद दस्तगीर आहे. जातीच्या आणि धर्माच्या रेषा ओलांडून एका छपराखाली आलेली ही माणसे एकमेकांच्या पोटाची काळजी वाहतात. पण शाळेच्या रजिस्टरात त्यांच्यासाठी रकाना नाही. पुढे १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' आले आणि लेखकाने आपल्या नावातच उत्तर दिले: किशोर शांताबाई काळे.

ही पुस्तके वाचून काही सहृदय शिक्षक म्हणतात, किती ही मोडलेली घरे! या उद्गाराला मी हरकत घेते. घर मोडले असे म्हणताना ते कोणी मोडले हे सांगावे लागते. महार वतनात येसकर पाळीला लागलेला माणूस दिवसरात्र गावाचा होता, घराचा नव्हता. आणि ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडावे लागले. आजही उसाच्या तोडीवर नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. म्हणजे ज्या नात्याला पाठात 'आई-बाबा' म्हटले आहे त्याला फडावर हत्याराचे नाव आहे. त्या जोडप्याची मुले वर्षातले काही महिने एक तर आजीपाशी राहतात, हंगामी वसतिगृहात राहतात, नाही तर फडावर पाचटात खेळतात. आपल्या जिल्ह्यात द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरतात. त्या महिन्यांत त्यांच्या गावच्या शाळेत पाठ्यपुस्तक उघडून 'तुझ्या घरी कोण कोण राहते' असे विचारले तर मूल खरे काय ते सांगेल: म्हातारी आणि मी. हे मोडलेले घर नाही. हे मजुरीने ताणलेले घर आहे, आणि इतक्या ताणातही ते टिकून आहे.

४

आता भाषेकडे येऊ. नात्यांचे शब्द मुलाला शाळेत यायच्या आधीच येत असतात. मालेगाव, बागलाण, कळवणच्या अहिराणी पट्ट्यातले मूल आईला माय म्हणते, आत्याला फुई म्हणते. कोठे बा असतो, कोठे आये, कोठे बय. पाठात आई, बाबा, आत्या, काकू हे शब्द छापलेले असतात. मुलाने प्रमाण शब्द शिकू नयेत असे मी म्हणत नाही. ते त्याला पुढे लागणारच आहेत. पण 'माय म्हणू नये, आई म्हणावे' असे सांगितले की मूल केवळ शब्द शिकत नाही. आपल्या घरात जे बोलतात ते चूक, हेही शिकते. फळ्यावर आई लिहावे, शेजारी माय लिहावे, बय लिहावे, आणि तिन्ही शब्द सारख्याच अक्षरात लिहावेत, एवढे तरी शिक्षकाच्या हातात आहे.

नात्याच्या शब्दांचा दुसरा इतिहास याहून कठोर आहे. पाठात 'वडीलधाऱ्यांना मान द्यावा' असे वाक्य असते आणि त्यासाठी अहो-जाहो शिकवले जाते. पण गावगाड्यात मान वयाला नव्हता, जातीला होता. साठ वर्षांच्या महाराला पाटलाचे दहा वर्षांचे पोर अरे-तुरे करीत असे, आणि तो म्हातारा त्या पोराच्या बापाला 'जोहार मायबाप' म्हणत असे. आई आणि बाप हे दोन सर्वांत जवळचे शब्द एकत्र करून ते मालकाच्या पायाशी ठेवायला लावले गेले, ही गोष्ट नात्यांच्या कोणत्याही पाठात येत नाही. ती सहा वर्षांच्या मुलाला सांगावी असा माझा आग्रह नाही. पण ती शिक्षकाला ठाऊक असली पाहिजे. ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक वर्गात सफाईला येणाऱ्या बाईंना मुलांसमोर 'अहो ताई' म्हणेल, आणि त्या दिवशीचा नात्यांचा पाठ पुस्तक न उघडता होईल.

गोष्ट सांगणाऱ्या आजीचेही असेच आहे. पाठातली आजी राजाची गोष्ट सांगते, देवाची सांगते. ऐंशीच्या दशकात माझ्या वर्गातल्या काही मुलांच्या आज्या वेगळीच गोष्ट सांगत. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली माणसे गावागावांतून चालत आली. तो लढा १९३४ पर्यंत रेंगाळला, पण दार उघडले नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्या आज्यांनी यातले काही पाहिले होते, काही आपल्या आईच्या तोंडून ऐकले होते. त्या आज्या आता राहिल्या नाहीत. त्यांच्या गोष्टी वर्गात कोणी मागितल्या नाहीत, म्हणून त्यांतल्या पुष्कळशा त्यांच्याबरोबरच गेल्या.

५

कुटुंबाच्या पाठाला लागूनच बहुधा आणखी एक पाठ येतो. आपल्याला मदत करणारी माणसे, असा त्याचा विषय. न्हावी केस कापतो, धोबी कपडे धुतो, चांभार चपला शिवतो, सफाई कामगार रस्ता झाडतो. हे सारे आपले मदतनीस. यातला 'आपले' हा शब्द पुन्हा पाहावा. हे पुस्तक वाचणारे मूल मदत घेणाऱ्यांच्या घरचे आहे, असे लेखकाने गृहीत धरले आहे. ज्याचा बापच रस्ता झाडतो त्या मुलाने 'आपण' कोणाला म्हणायचे? कुटुंबाच्या पाठात त्याचा बाप दिसला नाही, तो या पाठात दिसला. पण बाप म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या घरचा मदतनीस म्हणून दिसला. शिवाय जन्माने लादलेल्या कामाला 'मदत' म्हटले की त्यातली सक्ती पुसली जाते.

बाबासाहेबांच्या लहानपणाची हकीकत या दोन्ही पाठांशेजारी ठेवून पाहावी. आई भीमाबाई ते पाच-सहा वर्षांचे असतानाच वारल्या. आत्या मीराबाईंनी घर सांभाळले, पोरे वाढवली. साताऱ्याला न्हावी त्यांचे केस कापीत नसे, तेव्हा थोरली बहीण भावांचे केस कापीत असे. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पाठातला मदतनीस त्या घराच्या दारात आला नाही, म्हणून बहिणीच्या हातात कात्री आली. आत्या आणि बहीण यांनी चालवलेले ते घर आजच्या चित्रातल्या चौकटीत बसत नाही. तरीही आपण दर १४ एप्रिलला मुलांकडून 'वडिलांचे नाव रामजी, आईचे नाव भीमाबाई' एवढेच पाठ करून घेतो. मीराबाईंचे नाव किती शाळांत उच्चारले जाते?

जोतीराव आणि सावित्रीबाईंचे घर घ्या. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ साली दत्तक घेतला आणि यशवंत म्हणून वाढवला. महाराष्ट्राने ज्यांना गुरू मानले त्यांच्या कुटुंबात रक्ताचे नाते नव्हते आणि जातीचे कुंपणही नव्हते. कुटुंब म्हणजे काय हे लहान मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

६

पुस्तके बदललीच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय परिषदेच्या २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर तिसरीचे जे परिसर अभ्यासाचे पुस्तक आले त्यात कुटुंबे वेगवेगळी असू शकतात अशा नावाचाच पाठ होता. लग्न न केलेल्या आणि मूल दत्तक घेतलेल्या आईचे घर त्यात होते. पाचवीच्या पुस्तकात 'हे काम कोण करणार' असा थेट प्रश्न विचारणारा पाठ होता आणि त्यात बाबासाहेबांच्या गोरेगावच्या प्रवासाची हकीकत होती. २०२४ मध्ये तिसरीला नवे पुस्तक आले आणि ते जुने पुस्तक मागे पडले. आपल्याकडे बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईवडील दोघे मिळून भाजी निवडतानाचे चित्र छापले. त्यावर काहींनी थट्टा केली. मला ते चित्र मोलाचे वाटते. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राहील. किशोर शांताबाई काळे यांनी आपल्या नावाने जे केले ते शासनाच्या दप्तरात यायला तीस वर्षे लागली.

एवढे बदल झाले तरी एक गोष्ट जागची हललेली नाही. चित्रातला बाप भाजी निवडू लागला, पण ते स्वयंपाकघर कोणाचे आहे हे बदलले नाही. स्त्रीपुरुष समतेचा प्रश्न घराच्या चार भिंतींत सोडवायचा आणि त्या भिंती गावात कोणत्या बाजूला उभ्या आहेत हे विचारायचे नाही, अशी ही सुधारणा आहे. लहान मुलांना जात कशाला सांगायची, असा युक्तिवाद यावर ठरलेला असतो. माझा अनुभव असा की मुलांना ती सांगावी लागत नाही. कोणाच्या डब्यातले खायचे, कोणाच्या घरी पाणी प्यायचे नाही, हे सहा वर्षांचे मूल घरून शिकून येते. शाळा फक्त ते माहीत नसल्याचे सोंग करते.

पण दुसरी हरकत आपल्याच माणसांकडून येते आणि तिला उत्तर देणे अधिक अवघड आहे. एकदा वर्ष सुरू होतानाच एक आई मला भेटून गेली. ती चार बंगल्यांची धुणीभांडी करीत असे. म्हणाली, "बाई, तुम्ही पोरांना घरची कामं विचारता म्हणं. माझ्या पोरीला चारचौघांत ते बोलायला लावू नका. तिला शिकू द्या फक्त." तिचे म्हणणे मी मान्य केले, आजही मान्य करते. वस्तीतल्या घराचे सत्य वर्गात यावे हे खरे. पण ते मुलाच्या तोंडून वदवून घेण्याचा हक्क शिक्षकाला नाही. लपवायला लावणारी शाळा वाईट आणि उघडे करणारी शाळाही तितकीच वाईट. 'बापाचे नाव सांग, बाप काय करतो सांग' असे उभे करून विचारणे म्हणजे जात विचारण्याचाच प्रकार आहे.

याच्या पुढे जाऊन आपल्याला स्वतःकडेही पाहावे लागेल. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, रेल्वेत, देवळालीच्या कॅम्पात, सरकारी कचेऱ्यांत नोकरीला लागून ज्यांनी घरे उभी केली त्यांनी मोठे कष्ट केले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले, कपाटात पुस्तके आली. पण त्याबरोबर पाठातले चित्रही आले. गावाकडची म्हातारी पाहुण्यांसमोर येऊ नये, तिची बोली मुलांच्या कानावर पडू नये, अशी काळजी घेणारी घरे मी पाहिली आहेत. आणि आपली जुनी घरे सर्वस्वी समतेची होती, असेही कोणी म्हणू नये. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या सुनांना काय सोसावे लागले ते न लपवता लिहिले आहे. ऊर्मिला पवारांच्या २००३ च्या 'आयदान'मध्ये चळवळीतल्या घरातही बाईच्या लिहिण्याकडे कसे पाहिले जाते ते आले आहे. प्रस्थापितांचे चित्र काढून तिथे आपले रंगवलेले चित्र लावले, तर मुलाच्या हाती पुन्हा खोटेच पडेल.

७

मग हा पाठ शिकवायचा कसा? मी जे करीत आले ते थोडक्यात मांडते.

मी व्याख्येपासून सुरुवात करीत नाही आणि माणसांच्या यादीपासूनही करीत नाही, कामांपासून करते. घरात आधी कोण उठते, पाणी कोण भरते, आजारी पडल्यावर उशाशी कोण बसते, शाळेत जाताना भांग कोण पाडते. या प्रश्नांना प्रत्येक मुलापाशी उत्तर असते. आईबाप दोघे नसलेल्या मुलापाशीही असते. भांग पाडणारी कधी आजी निघते, कधी मावशी, कधी शेजारीण, कधी आठ वर्षांची बहीण. त्या माणसाचे नाव आणि नाते मूल ज्या शब्दाने सांगेल त्याच शब्दाने मी फळ्यावर लिहिते. उत्तराची सुरुवात मी माझ्या घरापासून करते, म्हणजे वर्गात उघडे होणारे पहिले घर शिक्षकाचे असते. ज्याला बोलायचे नाही त्याने चित्र काढावे, चित्रही काढायचे नसेल तर ऐकावे. कोणाच्या घराची दुसऱ्याच्या घराशी तुलना होत नाही. मदतनीसांचा पाठ मी याच पाठात मिसळते. ओट्याशी उभी असलेली बाई कोणाची तरी आई आहे आणि रस्ता झाडणारा कोणाचा तरी बाप आहे, हे दोन पाठ वेगळे ठेवले की लक्षात येत नाही.

यात नवे फारसे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला हेच ओळखले होते: मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. अंगण गेले, त्या अंगणातली माणसे आणि त्यांचे बोलणे मात्र पाठात आले नाही. ते आणणे अजून बाकी आहे. त्यासाठी नवे पुस्तक येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

या सगळ्याला आपल्यापाशी एक फार जुना आधार आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे लिहिले. शाळेत जाणाऱ्या दलित मुलीने आपल्या घराविषयी लिहिलेला आणि छापला गेलेला असा निबंध मराठीत याच्या आधी मला आढळलेला नाही. तिच्या शिक्षकांनी तिला आईचे स्तोत्र लिहायला लावले नाही. तिने जे पाहिले ते तिला लिहू दिले आणि ते जगापुढे ठेवले. शिक्षणाने काय करावे याचे हे उदाहरण एकशे सत्तर वर्षांपूर्वीचे आहे.

म्हणून माझी शिक्षक मित्रांना आणि कार्यकर्त्यांना विनंती आहे. येत्या वर्षी हा पाठ येईल तेव्हा मुलांकडून पाच ठरावीक ओळी घेऊ नका. त्यांना घरातल्या एका माणसाच्या एका कामाविषयी, त्यांच्या बोलीत, लिहू द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे तुम्ही लिहून घ्या. नावे काढून ती पाने जपून ठेवा. वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या तरुणांनीही हे करावे. आणि आपल्या समीक्षकांनी, जे स्वकथनांच्या रूपाची आणि शैलीची चर्चा करतात, त्यांनी ही पानेही वाचावीत. मुक्ताच्या निबंधापासून जी परंपरा सुरू झाली तिचे पुढचे लेखन दुसरी-तिसरीच्या बाकावर बसलेले आहे.